कोलशेतचा बिबट्या

ठाणे शहर गेल्या तीस-चाळीस वर्षांत कोणत्या बाजूस आणि कसे वाढले हे ज्यास तासाभरात समजून घ्यावयाचे असेल, त्याने ठाणे स्थानकाबाहेर कोलशेतची बस धरावी. माजिवडे, कापूरबावडी, ढोकाळी अशी एकेक गावे मागे पडत जातात. गावे म्हणावयाची ती आता नावापुरती. कोठे एखादे कौलारू घर, कोठे पिंपळाचा पार, आणि त्यांच्या डोक्यावर उभ्या असलेल्या तीस-तीस मजल्यांच्या इमारती. कापूरबावडीपाशी घोडबंदरचा मोठा रस्ता व मेट्रोचे खांब डावीकडे राहतात, आणि आपली बस उजव्या अंगाच्या रस्त्यास लागते. हा रस्ता पुढे उल्हास नदीच्या खाडीस जाऊन भिडतो. खाडीच्या काठी कोळी-आगरी लोकांचे जुने गावठाण, विसर्जनाचा घाट, रेतीबंदर, तिवरांची दाट झुडपे. पलीकडच्या तीरावर भिवंडी तालुक्यातील काल्हेर. अलीकडे वायुदलाचे ठाणे आहे. एके काळी या रस्त्यास रंगांचे व रसायनांचे मोठे कारखाने होते. ते जाऊन त्यांच्या जमिनीवर आता वसाहती उठल्या आहेत, आणि 2024 साली सुमारे वीस एकरांचे एक उद्यानही झाले आहे. उद्यान चांगले आहे, परंतु संध्याकाळी तेथे बसावयास बाक रिकामा मिळत नाही.

कोलशेत हे नाव कशावरून पडले? 'कोळ्यांचे शेत' अशी सरळ फोड कोणीही करील, व ती बहुधा बरोबरही असेल. परंतु ज्याने बालपणी अमरकोश घोकला आहे त्यास 'कोल' म्हणताच वराह आठवतो. कारण वराहाच्या नामावळीत तेथे हा शब्द आलेला आहे. रानडुकरांनी उकरलेले शेत ते कोलशेत, अशी व्युत्पत्ती मी गमतीने माझ्या भाच्यास ऐकवली, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "मामा, डुक्कर फार बरे हो. केस राठ, विरळ आणि सरळ. आमच्या कामात डुक्कर वाट्याला आले तर आम्ही पेढे वाटू."

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण, मेहुणे, भाचा, सूनबाई आणि सात वर्षांची नात असे कुटुंब येथे बाविसाव्या मजल्यावर राहते. पूर्वेच्या सज्जातून खाडी दिसते. पश्चिमेच्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात. त्या डोंगरात 'मामा-भाचे' नावाचे एक ठिकाण आहे, यावरून आम्हा दोघांची घरात बरीच थट्टा होते. भाच्याचा उद्योग मात्र थट्टेचा नव्हे. चित्रपटांत संगणकावर जी जनावरे निर्माण करतात, त्यांच्या अंगावर केस उगवणे, हे त्याचे काम. या धंद्यात त्यास 'ग्रूम आर्टिस्ट' म्हणतात. ग्रूम म्हणजे मोतद्दार, हे आम्ही शाळेत पाठ केले होते. घोड्यास खरारा करणारा तो ग्रूम. शब्द नेमका आहे. फरक इतकाच की घोडा आधी नसतो.

सांप्रत त्याच्याकडे एक बिबट्या आहे. हा बिबट्या नदी पोहून काठावर येतो, क्षणभर थांबतो आणि झाडीत शिरतो. सगळे मिळून चार सेकंद. चित्रपटात सेकंदास चोवीस चित्रे लागतात, म्हणजे चार सेकंदांस शहाण्णव. या शहाण्णव चित्रांसाठी हा गृहस्थ चार महिने खपतो आहे, हे ऐकून मी त्याच्या खोलीत खुर्ची ओढून बसलो, आणि पुढे आठ दिवस बहुतेक तेथेच बसलो.

प्रथम जनावराचा देह तयार असतो, परंतु तो अगदी तुळतुळीत. असा उघडा बिबट्या पाहावयास फार केविलवाणा दिसतो. माझ्या नातीने तर त्यास पाल म्हटले. या देहावर आधी थोडेसेच केस रोवतात, काही शेकडे किंवा काही हजार. त्यांस मार्गदर्शक केस म्हणतात. ते एकेक करून वळवावयाचे, लांब-आखूड करावयाचे, बसवावयाचे. आणि मग त्यांच्या मधल्या जागा भरून काढण्यास यंत्रास सांगावयाचे. दोन मार्गदर्शकांमधला केस थोडा याच्यासारखा व थोडा त्याच्यासारखा वागतो. पहिल्या बाकावरची चार मुले नीट बसली की मागचा वर्ग आपोआप बसतो, हा माझा शाळेतील अनुभव येथेही लागू पडतो असे दिसले. केसांची लांबी व दाटी ठरविण्यासाठी देहावर एक करडा नकाशा रंगवतात. पांढरे असेल तेथे केस लांब, काळे असेल तेथे मुळीच नाहीत. नाकाचा शेंडा, पायांचे तळवे काळे. पोटाखालचा भाग जवळ जवळ पांढरा.

केस कोणत्या दिशेस वळवावयाचा, खरी गोम येथे आहे. हा शब्द मी मुद्दाम वापरतो. घोड्याच्या किंवा बैलाच्या अंगावर उलट्या केसांची जी रेघ असते तिला आपले शेतकरी गोम म्हणतात, व बाजारात जनावर घेताना ती आधी पाहतात. आपल्या शास्त्रकारांनीही हा विचार केला असला पाहिजे, कारण त्यांनी विवाहाचे प्रकार सांगताना अनुलोम व प्रतिलोम हे शब्द योजले. लोम म्हणजे केस. केसांच्या कलाने जाणारे ते अनुलोम, केसांविरुद्ध जाणारे ते प्रतिलोम. आज प्राणायामात हे शब्द घरोघर आहेत, पण त्यांच्या पोटात मांजराची पाठ आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मांजरास शेपटीकडून डोक्याकडे कुरवाळून पाहावे, म्हणजे प्रतिलोमाचा अर्थ तत्काळ कळतो. भाच्याच्या बिबट्याचे केस नाकापासून निघून कपाळावरून मागे जातात, पाठीवरून शेपटीकडे व कुशीवरून खाली उतरतात, आणि छातीवर दोन्हीकडचे प्रवाह एकमेकांस भिडून तेथे एक शेंडा उठतो. हे सर्व त्याने राणीच्या बागेत तासन्‌तास उभे राहून वहीत टिपले आहे.

यात गणिताचाही एक सिद्धान्त आहे. गोळ्यावर सर्वत्र केस असले तर ते कोठेही खंड न पडता सपाट विंचरणे अशक्य आहे. कोठे तरी भोवरा पडलाच पाहिजे. ब्राउअर नावाच्या डच गणितज्ञाने ही गोष्ट 1912 साली व्यापक रीतीने सिद्ध केली. ज्यास गणित नको त्याने सोललेला नारळ घेऊन फणी फिरवून पाहावी. जनावराचा देह म्हणजे ओढून-ताणून लांबविलेला गोळाच. आपले डोकेही तसेच, आणि शेंडी राखावयाची जागा बहुधा भोवऱ्यापाशीच असते. यंत्रास भोवरा आवडत नाही. तेथे केस एकमेकांत घुसतात आणि एक टक्कल दिसू लागते. म्हणून हे कारागीर भोवरा कानामागे, काखेत, जेथे पाहणाऱ्याची दृष्टी जाणार नाही अशा जागी नेऊन ठेवतात. मला ही लबाडी वाटली. भाचा म्हणतो, निसर्गही पुष्कळदा तेच करतो.

पुढची पायरी रंगाची. बिबट्याचा एकेक केस बुडापासून टोकापर्यंत एका रंगाचा नसतो. खालची बारीक लोकर निराळी, वरचे राठ केस निराळे. ठिपक्यांबद्दल तर भाचा फार कडक आहे. डाव्या कुशीवरचे ठिपके आरशात पाहावे तसे उजवीकडे उतरवून दिले की अर्धे काम वाचते, आणि असे करणारे पुष्कळ आहेत. परंतु खऱ्या बिबट्याच्या दोन कुशी कधीही सारख्या नसतात, व एका बिबट्याचे ठिपके दुसऱ्याच्या अंगावर सापडत नाहीत. खिडकीतून दिसणाऱ्या त्या डोंगरापलीकडे सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे झाडांस कॅमेरे बांधून निकित सुर्वे यांनी बिबट्यांची गणना केली, ती या ठिपक्यांवरूनच. 2015 साली 35 बिबटे नोंदले गेले. "मामा, माझा बिबट्या त्या कॅमेऱ्यासमोर गेला, तर मोजणाऱ्याने त्याला छत्तिसावा म्हटले पाहिजे," असे भाचा म्हणाला. तो हे विनोदाने म्हणत नव्हता.

केसावर प्रकाश कसा पडतो, या एका प्रश्नावर विद्वानांची पाऊणशे नव्हे, पण पस्तीस वर्षे खचित गेली आहेत. 1989 साली काजिया व के या दोघांनी संगणकावर एक लोकरीचे अस्वल, मुलांचे खेळणेच, काढून दाखविले. तेव्हा ते आश्चर्य होते. 1995 साली टॉय स्टोरी हा पहिला संपूर्ण संगणकी चित्रपट आला, त्यात नायक म्हणून खेळणीच घेतली. प्लास्टिक गुळगुळीत असते व यंत्रास सोपे जाते. 2001 सालच्या मॉन्स्टर्स इंक मधील निळ्या केसाळ राक्षसाच्या अंगावर सुमारे 23 लक्ष केस होते. मग 2003 साली मार्शनर व त्यांचे सहकारी यांनी केसाचे नीट परीक्षण केले. केस ही पारदर्शक काडी आहे, व तिच्यावर कौलांसारखे सूक्ष्म खवले टोकाकडे तोंड करून बसविलेले असतात. काही प्रकाश कौलांवरूनच परततो. त्याची चमक दिव्याच्या रंगाची, पांढुरकी. काही आरपार जातो. म्हणून सूर्याकडे पाठ केलेल्या माणसाच्या केसांस सोनेरी कड दिसते. काही आत शिरून मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि येताना केसाचा रंग घेऊन येतो. आपल्या वेणीवर दोन चमका दिसतात, एक पांढरी व तिच्याजवळ एक रंगीत, त्या याच. माझ्या सूनबाईंनी आरशापुढे उभे राहून हे लगेच पडताळून पाहिले.

परंतु जनावराचा केस माणसाच्या केसासारखा नाही. त्याच्या गाभ्यात मज्जेची रुंद नळी असते. प्रकाश तीत सापडून सैरावैरा होतो, आणि म्हणून सशाची पाठ माणसाच्या डोक्यापेक्षा मऊ व धुकट दिसते. हा हिशेब लिंग-ची यान व त्यांचे सहकारी यांनी 2015 साली मांडला. त्यापूर्वीची कित्येक चित्रपटांतील जनावरे टोप घातल्यासारखी दिसत, त्याचे हे एक कारण असावे.

हे सर्व हिशेब एकेका चित्रासाठी लक्षावधी केसांवर करावयाचे म्हणजे वेळ किती लागेल? एका चित्रास पाच तास धरले, तर शहाण्णव चित्रांस 480 तास, म्हणजे एका यंत्राचे वीस अहोरात्र. म्हणून शेकडो यंत्रे ओळीने मांडून त्यांजकडून हे काम करवितात. त्या मांडणीस हे लोक रेंडर फार्म म्हणतात. फार्म म्हणजे शेतच! कोलशेतास कोल उरले नाहीत, परंतु शेत या रूपाने परत आले, अशी टिप्पणी मी केली. तिला कोणी हसले नाही.

वाचक विचारील, की या खोट्या केसांसाठी इतका खटाटोप का? खरा बिबट्या का आणू नये? हा प्रश्न मीही केला. माझ्या वडिलांच्या पिढीस वाघ-सिंह पाहावयास मिळत ते सर्कशीत. 1880 साली विष्णुपंत छत्रे यांनी आपली सर्कस उभी केली, आणि महाराष्ट्रीय माणूस हिंस्र पशूंस खेळवू शकतो याचा तेव्हा सर्वांस अभिमान वाटला. तो अभिमान खोटा नव्हता, परंतु पिंजऱ्यातल्या जनावरास त्याची काय किंमत पडत होती हे कोणी विचारले नाही. 1998 साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांस शिकवून खेळ करविण्यास बंदी केली, व 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हापासून आपल्या देशातील चित्रपटात बिबट्या हवा असेल तर तो असा उगवावा लागतो. 2012 सालच्या लाइफ ऑफ पाय मध्ये काही ठिकाणी खरे वाघ होते, परंतु नावेतला वाघ बहुतांशी संगणकाचा होता. त्याच्या अंगावर सुमारे एक कोटी केस होते असे सांगतात. त्या कामात मुंबई व हैदराबाद येथील पुष्कळ तरुणांचा हात होता.

आपल्याकडे ही विद्या अगदीच परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी 1915 च्या सुमारास आगकाड्या नाचविल्या. प्रभात कंपनीने 1934 साली जंबूकाका हे चलच्चित्र काढले. जंबूक म्हणजे कोल्हा, तेव्हा नायक कोण ते सांगणे नलगे. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने 1957 साली जातककथेवरून बनियन डिअर काढला. ही सर्व जनावरे रेघांची. रेघेस केस नसतात, आणि कोणास ते उणेही वाटत नसे. 2008 साली मुंबईच्या कुत्र्यांवर रोडसाइड रोमिओ आला. 2012 साली पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने निखिल अडवाणी यांच्या दिग्दर्शनाखाली दिल्ली सफारी तयार केला. या दोघांसही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिल्ली सफारीची कथा या खिडकीत बसून ऐकण्यासारखी आहे. मुंबईजवळच्या जंगलात इमारती बांधावयास यंत्रे येतात, बिबट्याच्या पिलाचा बाप मारला जातो, आणि ते पिलू माकड, अस्वल व पोपट यांस घेऊन दिल्लीस दाद मागावयास निघते.

माझ्या नातीने हा चित्रपट चार वेळा पाहिला आहे. तिने एका रात्री जेवताना बापास विचारले, "बाबा, खरा बिबट्या आपल्या घरापर्यंत येईल का?" भाचा काही बोलला नाही. मेहुण्यांनी 2019 च्या फेब्रुवारीतील हकीकत सांगितली. ठाण्यात समतानगर भागात भर वस्तीत एका मोठ्या विक्रीसंकुलात पहाटे बिबट्या शिरला होता; तेथून तो निघाला आणि जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात सापडला. वनखात्याच्या लोकांनी त्यास बेशुद्ध करून नेले. कोणास इजा झाली नाही. "तो घाबरला होता का?" नातीने विचारले. मेहुणे म्हणाले, "बेटा, त्या दिवशी सगळेच घाबरले होते." मग तिने बापास सांगितले, की तुझाही बिबट्या थोडा घाबरलेला कर. दुसऱ्या दिवशी भाच्याने मानेवरचे केस किंचित उभे करून पाहिले. रोमांच म्हणतात तो हाच.

एक गोष्ट मला टोचते, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीने लाइफ ऑफ पाय मधील वाघ केला, तिने 2013 च्या फेब्रुवारीत दिवाळे काढले, आणि त्याच महिन्यात त्या वाघासाठी तिच्या लोकांस ऑस्कर मिळाले. 2016 च्या जंगल बुक मधील बघीरा व शेरखान ज्या एमपीसीने केले, ती संस्थाही आपल्या मूळ कंपनीबरोबर 2025 च्या फेब्रुवारीत बुडाली, व भारतातील हजारो लोकांची नोकरी गेली. जगातील उत्तमोत्तम वाघ ज्यांनी केले त्यांस स्वतःच्या चुलीची शाश्वती नाही! भाचाही चित्रपटागणिक करारावर असतो. या करारास सहा आठवडे उरले आहेत, आणि घराचे हप्ते अजून चौदा वर्षे आहेत. त्यातून आता कृत्रिम बुद्धिमत्तेने नुसते सांगताच बिबट्या काढून मिळतो. मी तसा एक काढवून पाहिला. दिसावयास झकास होता. भाच्याने तो मोठा करून मला दाखविला. खांद्यावरचे केस पुढच्या बाजूस वळले होते, आणि एका चित्रातले ठिपके दुसऱ्या चित्रात हलले होते. "आज हलले," तो म्हणाला, "दोन वर्षांनी हलणार नाहीत." त्याची आई दाराशी उभी होती, ती काही न बोलता चहा ठेवून गेली.

तरी त्याचे ओल्या केसांवरचे काम चालूच होते, व तेच बसत नव्हते. तीन वेळा तो तुकडा परत आला. पाण्याने केस एकमेकांस चिकटून झुपके होतात, जसा कुंचला पाण्यात बुडवून काढला की त्यास टोक येते तसे. परंतु झुपके किती मोठे, कोठे किती, हे पुस्तकात सापडेना. त्याच्या बिबट्यावर सगळीकडे सारखेच झुपके पडत आणि तो काटेरी फणसासारखा दिसे. श्रावणातली सर येऊन गेल्यावर एका संध्याकाळी आम्ही खाडीच्या घाटावर गेलो. ओहोटी होती, रेतीबंदराच्या बाजूने चिखलाचा वास येत होता. एक भटके कुत्रे पाण्यातून वर आले आणि पायरीवर उभे राहिले. भाच्याने तेथेच ओल्या दगडावर बसकण मारली व मोबाइल काढला. कुत्र्याने अंग झाडले. झाडणे डोक्यापासून सुरू झाले आणि लाटेसारखे शेपटीपर्यंत गेले. मानेवर, जेथे कातडे सैल व केस लांब, तेथे जाड जाड झुपके. पायांवर अगदी बारीक. आणि बरगडीवर दोन झुपक्यांच्या मधून करडे कातडे दिसत होते.

घाटावर एक वृद्ध कोळी जाळे शिवीत बसले होते. ते बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "कुत्र्याचा काय एवढा फोटो काढता साहेब?"

"काका, बिबट्या काढतोय," भाचा मान वर न करता म्हणाला.

त्या रात्री त्याने बिबट्याच्या मानेवरचे झुपके वाढविले, पायांवरचे कमी केले, आणि बरगडीवर कातडे थोडे उघडे ठेवले. मी परत निघालो त्या दिवसापर्यंत तो तुकडा मंजूर होऊन आला नव्हता.